ढील कुठं मोजायची?

सांगलीच्या घरी वडिलांची जुनी 350 सीसी बुलेट आहे. यंदा क्लच प्लेटा बदलल्या. जोडणीला धाकटा भाऊ तासगावहून आला. डावीकडचं झाकण एकाच नटावर. ते काढलं की प्रायमरी चेन दिसते, इंजिनाच्या 25 दात्यांचा जोर क्लचच्या 56 दात्यांकडे नेणारी.

प्लेटा, स्प्रिंगा बसल्या. चेन मधोमध दाबली, तर पाव इंच ढील होती. मी म्हणालो, "झालं." भाऊ म्हणाला, "फिरवून बघ." किक हळूहळू दाबत गेलो, तर एका जागी चेन ताठ! झीज सगळीकडे सारखी नसते. म्हणून ढील मोजायची ती सर्वांत ताठ जागी. नाहीतर तिथं येईल तेव्हा बेअरिंग मार खातं.

आईच्या औषधपाण्याचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा करतो. याहून न्याय्य काय, असं मला वाटायचं. माझा पगार 1 तारखेला होतो. त्याची द्राक्षं अवकाळीनं गेली, तरी त्याचा वाटा चुकला नाही. कुठून आणतोस, हे मी विचारलं नाही. मी समानता माझ्या ढिल्या जागी मोजत होतो.

सगळ्यांनाच सवलत दिली तर चेन केसला घासेल, हे खरं. पण ढील पाव इंचच ठेवायची आहे. बदलायची ती मोजायची जागा.

झाकण लावताना मी विषय काढला. तो म्हणाला, "राहू दे, जमतंय." ताठ जागा कधी स्वतःहून बोलत नाही. फिरवून बघावं लागतं.