नटाच्या डोळ्यांतले पाणी

रंगमंचावर रडणाऱ्या नटाला खरोखर दुःख होत असते का, हा नाट्यविचारातला फार जुना प्रश्न आहे. प्लेटोच्या ‘आयन’ या संवादात होमरची काव्ये म्हणून दाखवणारा आयन सांगतो, की करुण प्रसंगी त्याचे डोळे भरून येतात आणि भयाच्या प्रसंगी केस उभे राहतात. पण समोरचे लोक रडताहेत ना, यावरही त्याची नजर असते, कारण ते हसले तर कमाई बुडाली. भान हरपणे आणि भान राखणे एकाच क्षणी एकाच माणसात नांदते, ते असे. प्लेटोला त्यात विद्या दिसली नाही, दैवी संचार दिसला. नटाला मात्र तिसऱ्या घंटेनंतर या दोन्ही गोष्टी रोज सांभाळायच्या असतात, म्हणून हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच तालमीचाही आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात त्याची चर्चा सातव्या अध्यायात येते. अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पहिल्या तिन्हींचा सराव करता येतो. हात कुठवर उचलायचा, स्वर कुठे चढवायचा, शालू कोणता नेसायचा हे ठरवता येते. सात्त्विक अभिनयाचे तसे नाही. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ भाव हुकुमाने येत नाहीत. मग ज्याला दुःख झालेलेच नाही, त्याने ते दाखवायचे कसे? भरताच्या मते सत्त्व उपजते ते एकाग्र झालेल्या मनातून. मन दुसरीकडे असेल तर रोमांच उभे राहत नाहीत. नट स्वतः सुखी असो की दुःखी, त्याला अश्रू आणि रोमांच दाखवता आले पाहिजेत. नीट वाचले तर भरत नटाला दुःखी व्हायला सांगतच नाही, मन गोळा करायला सांगतो. अभिनयाच्या शिक्षणाला याहून भक्कम पाया क्वचितच कोणी दिला असेल.

पुढच्या टीकाकारांत रस नेमका कुठे असतो यावर वाद झाला. लोल्लटाने तो मूळ व्यक्तिरेखेत आणि अनुसंधानाने नटातही मानला. शंकुकाच्या मते प्रेक्षक नटाच्या अनुकरणावरून भावाचे अनुमान करतो. अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त नटाकडून रस काढूनच घेतला. मद्याची चव पेल्याला लागत नाही, पिणाऱ्याला लागते. नट हा तसा पेला आहे, असे तो म्हणतो. यात नटाचा उपमर्द नाही, कारण पेल्याला तडा गेला तर कोणालाच काही मिळत नाही. रसाच्या आड येणारी सात विघ्नेही त्याने सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. ते सांगितले आहे प्रेक्षकाबद्दल, आणि त्यावर गीत, वाद्य, सजवलेला मंडप असे उपाय दिले आहेत. पण नटालाही ते विघ्न लागू पडते. खासगी दुःखात बुडालेला नट प्रेक्षकाला आपले दुःख दाखवतो, भूमिकेचे नाही.

‘मानापमान’च्या १९११ मधल्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली. ही हकीकत सहसा रंगभूमीवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्यातला तत्त्वाचा भाग त्याहून मोलाचा आहे. भामिनी मानी आणि हट्टी नायिका. शोकाला तिच्यात जागाच नाही. भूमिकेच्या भावनेचा झरा नटाच्या स्वतःच्या भावनेत असतो, असे मानले तर तो प्रयोग होऊच शकला नसता.

युरोपात हा वाद दोन टोकांना गेला. फ्रेंच विचारवंत दिदरोच्या नटविषयक निबंधात, जो त्याच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये प्रसिद्ध झाला, थोर नट आतून थंड असतो आणि त्याचे अश्रू बुद्धीतून येतात, असे प्रतिपादन आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने आधी नटाच्या भावनिक स्मृतीवर भर दिला, पण उतारवयात तो शारीरिक कृतींकडे वळला. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्याकडून शिकून आलेल्या स्टेला अ‍ॅडलरने न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्यांना सांगितले, की स्मृतीपेक्षा नाटकातली परिस्थिती महत्त्वाची. विभाव (भाव जागवणारी परिस्थिती) आधी, भाव मागाहून, या भरताच्या क्रमाशी हे बरेच जुळते.

तालमीत हा फरक स्पष्ट दिसतो. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकरांवर लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो. इथे स्वतःच्या घरातला एखादा जुना मृत्यू आठवून डोळे ओले करणारा नट लेकीचे वाक्य ऐकतच नाही. त्याचे लक्ष आत वळलेले असते आणि समोरची नटी एकटी पडते. दुसरा नट फक्त ऐकतो. पैशांचा उल्लेख होताच त्याचा श्वास अडतो, नजर आधी बायकोकडे जाते, उत्तराला क्षणभर उशीर होतो. पाणी आले तर येते. दोनशेव्या प्रयोगाला पहिल्या नटाची आठवण झिजून गेलेली असते, दुसऱ्याजवळ मात्र ऐकायला ते वाक्य नव्याने असते. म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर श्वासाचा, श्रवणाचा आणि एकाग्रतेचा रियाज प्रयोग सुरू झाल्यावरही चालू ठेवावा लागतो. तो सुटला की नट मागच्या प्रयोगातल्या स्वतःचीच नक्कल करू लागतो.

भान हरपायचे की राखायचे, या प्रश्नाची धार्मिक बाजू कोकणात आणि गोव्यात स्पष्ट दिसते. देवळात एखाद्याच्या अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो तेव्हा बोलणारा देव मानला जातो. त्या माणसाला शब्दांचा जाब कोणी विचारत नाही. त्याच देवळासमोर दशावतारी नट देवाचे सोंग घेतो. लोक त्याच्याही पाया पडतात, पण त्याचे संवाद बरेचसे आयत्या वेळी रचलेले असतात आणि ते रचताना पेटी, मृदंग, समोरचा राक्षस आणि सरत चाललेली रात्र या सगळ्यांचे भान त्याला ठेवावे लागते. तलवार समोरच्याच्या अंगाला न लागता फिरली पाहिजे, ही जबाबदारी देवाच्या वेषातही त्याचीच राहते.