नामसाम्याचे गोत्र

नावे सारखी असली की नाती गृहीत धरली जातात. ध्वनीचे साम्य हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो. पण त्यालाच पुरावा मानण्याचा मोह सामान्यांना होतो, तसा विद्वानांनाही. या मोहाचा नैतिक विचार करण्यास जबलपूरसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

या शहराचे नाव जाबाली ऋषींवरून पडले, अशी लोकश्रद्धा आहे. अरबीत 'जबल' म्हणजे पर्वत. मदनमहालच्या टेकडीवरील प्रचंड शिळा पाहणाऱ्याला ही व्युत्पत्तीही पटते. कलचुरींच्या कोरीव लेखांत 'जाउलीपत्तला' नावाचा प्रशासकीय विभाग येतो. आजचे नाव त्यातून आले, हे तिसरे मत. पहिल्या मताने कुळ लाभते, दुसऱ्याने भूगोल जुळतो, तिसऱ्याला लेखाचा आधार आहे. लोकमानसाला मात्र कुळाचीच ओढ अधिक.

नामसाम्याचे असे चकवे येथे पावलोपावली आहेत. शहराजवळचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. मार्च १९३९ मधील काँग्रेसचे अधिवेशन याच त्रिपुरीच्या नावाने ओळखले जाते. ईशान्येकडील त्रिपुरा राज्याशी तिचे नाते नाही. 'म. प्र.' ही दोन अक्षरेही तशीच. १९५० ते १९५६ या काळात त्यांचा अर्थ नागपूर राजधानी असलेला प्रांत. १ नोव्हेंबर १९५६ नंतर भोपाळ राजधानी असलेले राज्य. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशातच राहिले. येथील मराठी कुटुंबांच्या पत्त्यातील राज्याचे नाव बदलले नाही. नागपूरचे आप्त मात्र परराज्यात गेले. नाव तेच असूनही वस्तू बदलते, ती अशी.

लोकांच्या निरुपद्रवी अभिमानाला संशोधकाने धक्का का द्यावा, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु ज्या तर्काने उसना सन्मान मिळतो, त्याच तर्काने परक्याचा कलंकही माथी येतो. केवळ नाव सारखे म्हणून ज्याला संशयाने पाहिले जाते, त्याला हा तर्क निरुपद्रवी वाटणार नाही. सन्मानापुरता तो मान्य करून कलंकाच्या वेळी नाकारणे न्यायाचे नव्हे.

शिवाय 'जाबाली' म्हणताच प्रश्न उरतो: कोणता? रामायणातील जाबाली रामाला पित्याचे वचन बाजूस सारून राज्य स्वीकारण्याचा सल्ला देतो आणि त्याच्या रोषास पात्र होतो. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल निराळा. गौतमांनी गोत्र विचारले, तेव्हा आईलाही ते ठाऊक नाही, आपण जबालेचा पुत्र, एवढेच त्याने सांगितले. एखादे थोर गोत्र सांगणे त्याला अवघड नव्हते. त्याने ते सांगितले नाही, म्हणूनच गौतमांनी त्याला शिष्य केले.

जबलपूरला या नावाशी आपले नाते जोडायचेच असेल, तर ते या उत्तराशी जोडता येईल. त्यासाठी व्युत्पत्ती सिद्ध होण्याची आवश्यकता नाही.