बिघडण्याची मुभा

घरच्या घरी थरांचा केक मुळापासून करावयास शिकणाऱ्याचे पहिले काही प्रयत्न बहुधा फसतात. ते फसले असता घरातील इतरांनी कसे वागावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. आमच्या मते मात्र तो नीतीचा प्रश्न आहे.

या केकचे जिन्नस साधे आहेत. अंडी, लोणी, साखर आणि मैदा समान वजनाने घ्यावयाचे, हे त्याचे जुने इंग्रजी प्रमाण. अडचणी आहेत त्या कृतीत. लोणी व साखर पुरेशी फेसून त्यात हवा कोंडली गेली नाही, तर केक गच्च होतो. अंडी फार थंड असली तर मिश्रण फाटते. मैदा घातल्यावर अधिक घोटले तर केक चिवट होतो, ओव्हनचे दार अवेळी उघडले तर तो मधोमध बसतो, आणि थर पुरता निवण्याआधी क्रीम लावले तर ते वितळून वरचा थर घसरतो. १८४३ साली आल्फ्रेड बर्ड या इंग्रज गृहस्थाने बेकिंग पावडर तयार केली, तेव्हापासून केक फुगविण्याचे कष्ट पुष्कळ हलके झाले. परंतु मिश्रण किती फेसले म्हणजे पुरे, हे हातालाच कळावे लागते. गोव्याच्या बेबिंकाचेही तसेच. या पक्वान्नाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नारळाचे दूध आणि अंड्यांचा बलक यांच्या मिश्रणाचा एक थर वरच्या आचेवर भाजून झाल्याखेरीज पुढचा ओतता येत नाही; म्हणजे जितके थर, तितक्या वेळा बिघडण्याचा संभव.

अॅरिस्टॉटलने सद्गुणांविषयी असे म्हटले आहे की, बांधकाम करता करता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाने वागता वागता न्यायी होतो. हे खरे मानले तर एक गोष्ट ओघानेच येते. जे नीट करावयाचे आहे, ते आरंभी वाईटच होणार. शिकू द्यावयाचे असेल तर बिघडू द्यावेच लागेल.

आपल्या जुन्या घरांनी ही मुभा सर्वांना सारखी दिली काय? अनारशांचेच पाहावे. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग कुटून गुळात मळावयाचे; आणि एवढे करून तुपात सोडताच अनारसा विरघळला, तर तो ‘हसला’ म्हणत. शब्द मोठा गोड. पण नव्या सुनेला त्या हसण्यात स्वतःचे हसे दिसत असे. बिघडलेल्या पदार्थावरून पिठाची नव्हे, माहेरची परीक्षा होई. आज हौसेने केक करणाऱ्या मुलीचा केक बसला तर घर कौतुकाने हसते. कष्ट दोघींचे सारखेच. फरक एवढाच की, एकीला नको म्हणण्याची आणि चुकण्याची सोय होती, दुसरीला नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, अन्न हे पूर्णब्रह्म. शिकण्यासाठी ते वाया घालविणे कितपत योग्य? आक्षेप रास्त आहे. म्हणून शिकणाऱ्याने निम्म्या प्रमाणावर हात बसवावा आणि बसका केक टाकून न देता कस्टर्डमध्ये घालून खावा. अन्नाचा मान राखण्याचे हे मार्ग आहेत. शिकणाऱ्याचा अपमान करून अन्नाचा मान वाढत नाही.

खरी कसोटी मात्र आणखी पुढे आहे. मुलीचा केक बिघडला तर आपण ‘पुढच्या वेळी जमेल’ म्हणतो. त्याच स्वयंपाकघरात पगारावर काम करणाऱ्या बाईंच्या हातून दूध करपले, तर तेच शब्द आपल्या तोंडी येतात काय? लोणी-साखरेची नासाडी ज्या घराला परवडते, त्या घराला करपलेले दूधही परवडावयास हवे. मुभा केवळ लाडक्यांना मिळत असेल, तर तिला औदार्य म्हणता येणार नाही. तो पक्षपातच होय.

केकच्या निमित्ताने का होईना, बिघडलेले गोड मानून घेण्याची सवय आपल्या घरांना लागत आहे, हे चांगलेच आहे. ती सवय दिवाणखान्यापासून मोरीपर्यंत सर्वांना सारखी लागू व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.