बैलाडिलाचे खनिज आणि जिनिव्हातील रिकाम्या खुर्च्या

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतराची धुराडी दिसू लागतात. इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांत किंचित कलती, लांबलचक नळकांड्यासारखी भट्टी संथपणे फिरत असते. एका टोकाने लोहखनिज आणि कोळसा आत जातो. हजार अंशांच्या आसपास खनिज वितळत नाही, फक्त त्यातला ऑक्सिजन निघून जातो. थंड झालेल्या मालातून लोखंड चुंबकाने ओढून घेतात आणि जळका कोळसा बाजूला काढतात. पुढे त्या लोखंडाच्या बिलेट होतात आणि बिलेटच्या सळया. गावातल्या छपरांवर काळी धूळ साचते, तीही याच उद्योगाची देणगी.

बरेचसे खनिज येते बस्तरमधून. दंतेवाडा जिल्ह्यातला बैलाडिलाचा डोंगर देशातल्या उत्तम प्रतीच्या लोहखनिजासाठी ओळखला जातो, आणि तिथल्या मोठ्या खाणी एनएमडीसी या केंद्र सरकारच्या कंपनीकडे आहेत. ही कंपनी भाव फार चढा लावते, अशी रायपूरकडच्या कारखानदारांची नेहमीची तक्रार. अमेरिकेची तक्रार नेमकी उलटी होती.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचे म्हणणे असे : एनएमडीसीचे सुमारे ९८ टक्के भाग सरकारचे, संचालक नेमण्यात सरकारचा हात, म्हणजे ती कंपनी सरकारच झाली. ती भारतीय पोलाद कंपन्यांना खनिज स्वस्तात देते, म्हणजे ते सरकारी अनुदान झाले. त्यावर उतारा म्हणून भारतातून येणाऱ्या हॉट रोल्ड पोलादावर जादा आयात शुल्क. सिलतराचा माल मुख्यतः बिलेट आणि सळया, त्यामुळे ते शुल्क थेट इथल्या कारखान्यांवर नव्हते. पण बैलाडिलाचा भाव हे अनुदान आहे की व्यवहार, हा प्रश्न त्या खनिजावर चालणाऱ्या प्रत्येक भट्टीशी जोडलेला होता.

एप्रिल २०१२मध्ये भारत जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. ८ डिसेंबर २०१४ला संघटनेच्या अपील मंडळाने सांगितले, की सरकारची मालकी आहे एवढ्यावरून एखादी कंपनी सरकारी सत्ता वापरते असे ठरत नाही, ते पुराव्याने दाखवावे लागते. भारताचे सगळेच मुद्दे मान्य झाले नाहीत, पण हा कळीचा मुद्दा मान्य झाला. त्यानंतर जे घडले ते निकालाइतकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने फाइल पुन्हा उघडली, पुन्हा माहिती मागवली, निर्णयाची नव्याने कारणे लिहिली. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाला असे करायला कोणत्या फौजदाराने लावले? कोणीच नाही. बळी तो कान पिळी, बाकी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे कागद, असे आपल्याकडे चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या चर्चेपर्यंत ठामपणे सांगितले जाते. असे खटले वाचणाऱ्याला ते इतक्या ठामपणे म्हणता येत नाही.

पाकिस्तानच्या कैदेतले भारतीय कुलभूषण जाधव यांच्या खटल्यातही हेच दिसते. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७मध्ये त्यांना फाशी सुनावली. दोन देशांत संवाद जवळजवळ तुटलेला, आणि भारताच्या हाती होते १९६३च्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम : परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्क करू दिलाच पाहिजे. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तेवढ्या कलमावर बाजू लढवली. १७ जुलै २०१९ला भारताच्या बाजूने निकाल लागला, १५ विरुद्ध १. पाकिस्तानने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय अधिकाऱ्याला जाधव यांची भेट घेऊ दिली आणि २०२१मध्ये शिक्षेच्या फेरविचारासाठी स्वतंत्र कायदा केला. दुसऱ्या भेटीत मोकळेपणाने बोलू दिले नाही, अशी भारताची तक्रार राहिली. जाधव घरी परतले नाहीत. मात्र त्यांना फाशीही दिली गेली नाही. कायद्याने तुरुंगाचे दार उघडले नाही, पण फासाचा दोर थांबवला, आणि एका मराठी कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक साऱ्या सिद्धांतांहून मोठा आहे.

राष्ट्रे कायद्याने बांधलेली असतात, पण ती गाठ सोडवण्याची ताकदही त्यांच्याच हातात असते. बैलाडिलाच्या खटल्याचा पुढचा भाग याचे उदाहरण आहे. अमेरिकेने निकाल पुरता पाळलेला नाही, असे पडताळणी करणाऱ्या संघटनेच्या पॅनेलने नोव्हेंबर २०१९मध्ये ठरवले. याच काळात अमेरिका अपील मंडळावरच्या नव्या नेमणुका अडवून बसली होती. सात जागांच्या मंडळावर तिघे उरले होते, आणि सुनावणीला किमान तिघे लागतात. १० डिसेंबरला त्यांतल्या दोघांची मुदत संपली, एक होते भारताचे उजालसिंग भाटिया. आठच दिवसांनी, १८ डिसेंबरला, अमेरिकेने या खटल्यात त्याच मंडळाकडे अपील दाखल केले. अपील प्रलंबित असेपर्यंत पॅनेलचा अहवाल लागू होत नाही आणि ऐकायला तर कोणी नाही. निकाल धुडकावण्याऐवजी त्याला अधांतरी ठेवण्याची ही वाट. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून अमेरिकेने २०१८मध्ये पोलादावर लावलेले २५ टक्के शुल्क नियमबाह्य असल्याचा निर्णय डिसेंबर २०२२मध्ये आला, तेव्हा तर राष्ट्रीय सुरक्षेचा निवाडा करणे हे संघटनेचे काम नव्हे, असे अमेरिकेने उघडच सांगितले. २०२५मध्ये ते शुल्क ५० टक्के झाले.

बैलाडिलाचा वाद २०२३मध्ये दोन्ही सरकारांनी आपसांत मिटवला, आणखी पाच वादांसह. तडजोड वाईट नव्हती. मात्र खनिजाच्या भावावरचा शेवटचा निवाडा कधी झालाच नाही.

आता आपल्या अंगणात पाहायला हवे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरधोरणाविरुद्ध केलेल्या तक्रारीवर डिसेंबर २०२१मध्ये पॅनेलने निर्णय दिला : २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. हा आधार मोजताना सरकारने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, धरली गेली. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याचा संसार ज्या दरावर उभा आहे तोच हा दर. काही दिवसांतच भारताने अपील केले, त्याच रिकाम्या मंडळाकडे. बैलाडिलाच्या बाबतीत जो मार्ग आपल्याला अन्यायाचा वाटला, तोच आपण उसासाठी धरला.

शेतकऱ्याला वाचवण्याचा हेतू रास्तच होता. पण त्यात नुकसानही झाले आहे. एफआरपी सरकार देत नाही, साखर कारखाने देतात, मग तो सरकारी आधार कसा, हा भारताचा मुद्दा बिनतोड नसला तरी वजनदार आहे. तो वरच्या न्यायपीठासमोर मांडला गेला असता तर कदाचित मान्य झाला असता, जसा २०१४मध्ये एनएमडीसीचा झाला. आज तो ऐकायला कोणी नाही, आणि पॅनेलचे प्रतिकूल निष्कर्ष पुढच्या तक्रारदाराच्या हाती तयार आहेत. अपील मंडळ बंद पडल्यावर युरोपीय संघ, चीन आणि इतर काही देशांनी २०२०मध्ये आपसांत तात्पुरती अपील-व्यवस्था उभारली. भारत तिच्याबाहेर राहिला. अपील मंडळ पूर्ववत करा असे दिल्ली सतत सांगते, ते योग्यच आहे. मात्र ते होईपर्यंत या तात्पुरत्या व्यवस्थेत जायला हवे, उसाचा खटला तिथे हरण्याची शक्यता मान्य करूनसुद्धा. अमेरिका त्या व्यवस्थेत नाही, त्यामुळे पोलादाचा प्रश्न तिथे सुटणार नाही. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया मात्र आहेत.