उसना फोटो

आमच्या घरी एक नियम होता. शेजारून वाटीभर साखर, पेलाभर तेल, सूपभर पीठ उसनं आणलं, की भांडं परत करताना रिकामं न्यायचं नाही. आणलेलं तर फेडायचंच, वरून त्यात दोन बोरं, मूठभर शेंगा, ठेच्याचा गोळा, काही ना काही ठेवायचं. आम्ही पोट्टे खेळायच्या घाईत तशीच वाटी उचलून निघालो, की माय दारातून ओरडायची, "रिकामी वाटी घेऊन जाशीन, तं उद्या कोन्या तोंडानं मांगशीन रे?"

फोटोबद्दल लिहायला बसलेला माणूस साखरेच्या वाटीवर कुठे घसरला, असं तुम्हाला वाटेल. पण मला फोटो काढणं आणि उसनं आणणं यात आता फारसा फरक दिसत नाही. हे कळायला मात्र पंधरा वर्षं लागली.

आमचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पावसाळ्यात काळी माती चप्पल पायात ठेवू देत नाही. 2000-01 मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे त्याचं जरा जास्तच अप्रूप होतं. बाबा आमचेच ना! जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. शेवट 1956 च्या डिसेंबरात वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. रात्री कीर्तन असलं तर आधी हातात खराटा घेऊन ते गाव झाडत, हे आम्ही आज्याच्या तोंडून ऐकत मोठे झालो. घराघरात त्यांचा फोटो आहे. खराट्यासकट.

मी तेव्हा शाळेत नव्यानं लागलो होतो. पहिल्या वर्षाच्या पगारातून याशिकाचा कॅमेरा घेतला होता. गावात दुसरा कॅमेरा नव्हता, म्हणून तपासणी समितीला दाखवायचा अल्बम करायचं काम माझ्याकडे आलं. छत्तीस फोटोंचा एक रोल. ठरलेल्या दिवशी सकाळी आठला सरपंच, सदस्य, सोसायटीचे लोक कडक कपडे घालून चौकात आले. तर झाडायला कचराच नव्हता. आमची सफाईवाली बाई पहाटे पाचपासून खपून चौक लख्ख करून बसली होती. शेवटी उकिरड्यावरून टोपलंभर कचरा परत आणून चौकात पसरला. खराटाही कुणी आणला नव्हता. तिनं आपल्या हातातला पुढे केला. सरपंचांनी तो घेतला, आणि मी कॅमेऱ्यातून बघत म्हणालो, "बाजूले हो वं बाई, फोटूत येऊन रायली."

ती लगेच बाजूला झाली. लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि मोठी माणसं कचरा कसा झाडतात ते कौतुकानं बघत बसली.

त्या दिवशी सांजच्याला ती माझ्या घरी आली. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"मास्तर, माहा फोटू निंघला काय जी?"

"रोल संपला. पुढच्या रोलात काढू."

"घाई नाई. पन काढजा. लगनात बी नोता काढला कोनं."

पुढच्या रोलात माझ्या पोराचा वाढदिवस आला. त्याच्या पुढच्यात शेगावची वारी. मग घरात डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाइल आला, आणि रोल संपायची सबबच उरली नाही. ती मात्र रोज सकाळी माझ्या दारासमोरची नाली काढत होती. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आमच्याकडे उसनं देणारा तोंडानं मागत नाही. घेणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं.

2011 च्या पावसाळ्यात ती गेली. तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. "मास्तर, तुमच्याजोळ मायचा फोटू असन. तवा तुमी लय काढले होते." मी अल्बम काढून दोनदा चाळला. छत्तीस फोटो गावाच्या स्वच्छतेचे, आणि गाव स्वच्छ ठेवणारी बाई एकातही नाही. त्यानं मतदान कार्डावरचा फोटो मूर्तिजापूरला नेऊन मोठा करून आणला. ओल्या कागदावर शाई फुटावी तसा चेहरा. त्यालाच हार घातला.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारून लिहिता आलं असतं. आता विचारायची सोय नाही.

नंतर 2016 च्या जानेवारीत पद्म पुरस्कार जाहीर झाले. त्यात सुधारक ओलवे यांचं नाव होतं. पद्मश्री. छायाचित्रकार, राहणार मुंबई; पण जन्म अकोल्याचा, म्हणून आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा झाली. संध्याकाळी मी त्यांचे फोटो शोधून पाहिले. मुंबईच्या सफाई कामगारांचे, काळेपांढरे. मानेपर्यंत गटारात उतरलेला माणूस. उघड्या हातांनी घाण उपसणारी माणसं. ही माणसं जवळपास सगळी दलित. वर्षानुवर्षं ओलवे त्यांच्या मागे फिरले, कामावरही आणि त्यांच्या घरीही. या कामाची 2005 मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या 'ऑल रोड्स' या उपक्रमानं दखल घेतली. पुढे पुस्तक झालं. त्याच्या नावातच प्रतिष्ठा आणि न्याय हे दोन शब्द आहेत.

ते फोटो पाहताना मला धस्स झालं, ते घाणीमुळे नाही. त्या माणसांपैकी कित्येक जण थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत होते. मी ज्या बाईला चौकटीबाहेर काढलं, तिच्यासारख्याच माणसांना या अकोल्याच्या माणसानं चौकटीच्या मधोमध उभं केलं होतं. गाडगेबाबांच्या हातातला खराटा आम्ही पुजला. तोच खराटा पोटासाठी जन्मभर धरणारी बाई आम्हाला फोटोतसुद्धा नको होती.

पण एवढ्यावर भागत नाही. माझा एक जोडीदार आहे, पऱ्हाटी-तूर करणारा, बोलायला फटकळ. त्याला हे फोटो दाखवले तर म्हणाला, "फोटू काढून काय भेटलं त्याइले? काढनाऱ्याले पद्मश्री, अन् उतरनारा अजून गटारातच." हा सवाल खोटा नाही. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये आणखी कडक झाला, आणि तरी गटारात गुदमरून माणसं मेल्याची बातमी अधूनमधून येतेच.

शिवाय कॅमेरा काय करू शकतो ते आम्ही वऱ्हाडात जवळून पाहिलं आहे. शेतकरी आत्महत्यांची ती वर्षं. 1 जुलै 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अमरावती होता, अकोला होता. त्याच्या आगेमागे आमच्या रस्त्यांवर कॅमेरेवाल्यांच्या गाड्या फिरत होत्या. शेजारच्या गावात अशाच एका घरी मी बसायला गेलो होतो. बाहेर गाडीचा आवाज आला, तसं तिथलं सहा-सात वर्षांचं पोरगं उठलं, खुर्चीवर चढून भिंतीवरचा बापाचा फोटो काढला आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला सवय झाली होती. त्या बाईनं पदर सारखा केला आणि कुठे बघायचं ते विचारलं.

मग हे फोटो काढूच नयेत का? असंही मला म्हणवत नाही. ते निघाले नसते, तर आमचं मरण दिल्लीला आणखी उशिरा दिसलं असतं. मी माझ्या गावात न काढलेल्या फोटोनं तर काहीच साधलं नाही. एक बाई पुसली गेली, एवढंच. म्हणजे काढला तरी दोष, न काढला तरी दोष. मग फरक कुठे करायचा?

मला अमेरिकेतला एक फोटो आठवतो. 1936 मध्ये डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. हात हनुवटीला, दोन लेकरं खांद्यांत तोंड लपवून. त्या काळातल्या अमेरिकी दैन्याचा हाच फोटो जगभर गेला. फोटो छापून आल्यावर सरकारनं तळावर धान्य धाडलं. पण तोवर ती आई लेकरं घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. लँगबाईंनी तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, बेचाळीस वर्षांनी. आपल्याला त्या फोटोचा एक पैसा मिळाला नाही, हे तिनं तेव्हा सांगितलं. धान्य भरपूर आलं, पण जिची वाटी नेली होती तिच्या घरी ती परत गेलीच नाही.

म्हणून मी पुन्हा मायच्या नियमावर येतो. दुसऱ्याचा चेहरा, दुसऱ्याचं दुःख ही उसनी आणलेली वस्तू आहे. आणायला हरकत नाही. उसनवारीशिवाय गाव चालत नाही. पण आणताना दारात उभं राहून मागावं लागतं, कुणाकडून आणलं ते नाव लक्षात ठेवावं लागतं, आणि परत त्या दारी जावं लागतं. एकदा येऊन गाडी फिरवून गेलेला माणूस आणि वर्षानुवर्षं त्याच दारी जाणारा माणूस यांच्या फोटोंत फरक पडतो, तो भिंगाचा नसतो. ओलवे त्यांच्या संस्थेमार्फत वंचित घरांतल्या पोरांना फोटो काढायला शिकवतात, हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही वाटीत घातलेली बोरं. गटारातला माणूस त्यानं वर येत नाही, हे माझ्या जोडीदाराचं म्हणणं मला मान्यच आहे. ते काम कॅमेऱ्याचं एकट्याचं नाही; तुमचं-माझंही आहे.

त्या रात्री मी जुना अल्बम पुन्हा काढला. या वेळी चेहरे सोडून कडा बघितल्या. अकराव्या फोटोत सापडलं. सरपंच खराटा घेताहेत, आणि डाव्या कडेला मनगटापर्यंतचा एक हात, हिरव्या बांगड्यांचा, खराटा पुढे करणारा. निगेटिव्ह शोधून तो मोठा करून आणला आणि तिच्या मुलाकडे गेलो. त्या दिवशी मी तिला काय म्हणालो होतो, तेही सांगितलं. ते त्याला ठाऊक होतं. मायनं घरी सांगितलं होतं.

त्यानं फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"हात मायचाच हाये," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मास्तर, याच्यातून सरपंचाले काढता येते काय?"

मूर्तिजापूरच्या स्टुडिओवाल्याला पाच मिनिटं लागली.