वेढ्यातलं खरेदीखत

आजचा शास्त्रभाग : यिर्मया ३२:१-२५



गेल्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायावरून उपदेश केला. विषय होता आशा. खरं सांगायचं तर हल्ली हा शब्द कानावर पडला की मी जरा सावध होतो. दोन महिन्यांपूर्वी आमची निम्मी टीम कमी केली. उरलेल्यांना मीटिंगमध्ये सांगितलं, काळजी करू नका, आता सगळं ठीक आहे. तीन आठवड्यांत दुसरी यादी आली. आमच्या तरुण संघातल्या चौघांच्या नोकऱ्या गेल्यात, त्यातल्या एकाचं लग्न ठरलंय. अशा माणसाला "आशा सोडू नकोस" असं म्हणणं प्रामाणिक आहे का? की ती फक्त गोड शब्दांतली थाप आहे? उपदेश ऐकताना माझ्या मनात हाच प्रश्न होता, आणि उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळालं, एका जमिनीच्या व्यवहारात.

आधी परिस्थिती पाहू. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. यिर्मया राजवाड्याजवळच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा गुन्हा काय? शहर पडणार हे त्याने उघड सांगितलं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ इथलं माझं शेत विकत घे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमेपासून पाचेक किलोमीटरवर. म्हणजे वेढ्याच्या पलीकडे. आज कुणी असा प्लॉट दाखवला तर आपण ब्रोकरला हाकलून देऊ.

यिर्मया ते शेत घेतो. १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, आजच्या मापाने जवळपास २०० ग्रॅम. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. मग दोन्ही प्रती बारूखाच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाने त्याला सांगितलं होतं.

पाळकसाहेबांनी एक मुद्दा मांडला तो मला फार महत्त्वाचा वाटला. यिर्मया आशावादी माणूस नव्हता. आशावादी होता हनन्या. अठ्ठाविसावा अध्याय वाचा. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, मंदिरातली पात्रंसुद्धा परत येतील, असं हनन्याने लोकांसमोर सांगितलं. ऐकायला किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा आधी आमेनच म्हणतो. असं झालं तर त्यालाही हवंच होतं. पण ते खरं नव्हतं. पुढच्याच अध्यायात तो बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र पाठवतो, त्यात आकडा दोनाचा नाही, ७० वर्षांचा आहे. आणि त्याच पत्रात सांगतो, तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक लगेच कळावा. रात्री दोन वाजता सर्व्हरचा अलर्ट वाजतो. तो म्यूट केला की शांत झोप लागते, सर्व्हर मात्र बंदच राहतो. हनन्याने लोकांचा अलर्ट म्यूट केला. यिर्मयाने तो वाजू दिला, आणि वाजत असतानाच शेत विकत घेतलं.

म्हणून खऱ्या आशेची पहिली खूण मला ही वाटते : तिला वाईट बातमी लपवावी लागत नाही. पुनरुत्थित प्रभूनेही हातांवरचे वण झाकले नाहीत. थोमाला ते दाखवले. ज्या आशेसाठी डोळे मिटून घ्यावे लागतात, ती आशा प्रभूची नव्हे.

दुसरी खूण त्या व्यवहाराच्या कारणात आहे. हनामेल यिर्मयाकडेच का आला? कारण नियमशास्त्राप्रमाणे जमीन सोडवून घेण्याचा हक्क जवळच्या नातलगाचा होता. लेवीय २५ मध्ये हा नियम आहे. यिर्मयाने काही जगावेगळं धाडस केलं नाही. नातलग म्हणून जे करायचं, ते केलं. वेढा पडला म्हणून ते कर्तव्य संपलं, असं त्याने मानलं नाही. निराशा आपल्याला नेमकं हेच सांगते ना? आता कशाला? कुणासाठी? काय उपयोग?

आणि त्याला शंका आली नाही असं समजू नका. खरेदीखत बारूखाला दिल्यावर तो प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेचा शेवट जवळजवळ तक्रारीसारखा आहे : प्रभू, शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस! आधी व्यवहार, मग गोंधळ. मन शांत होईपर्यंत तो थांबला नाही. आशा म्हणजे छान वाटणं असतं, तर यिर्मयाकडे ती नव्हती असंच म्हणावं लागेल.

त्या शेताचं पीक त्याने खाल्लं, असंही शास्त्रात कुठे नाही. शहर पडलं, आणि नंतर लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले. आज पेरा, उद्या दुप्पट मिळेल, असा हिशोब इथे बसत नाही. हे शेत पुढच्या पिढ्यांसाठी होतं.

आपल्या मराठी मंडळीला याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंची स्वतःची तब्येतही ढासळली होती. त्यांनी भाषांतर सोडलं नाही. ते पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून आला १९२४ साली. त्यांनी तो हातात धरला नाही. तो इतरांच्या हातांत गेला.

मग नोकरी गेलेल्या मित्राला काय म्हणायचं? "महिन्याभरात लागेल" असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण गुरुवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून त्याचा बायोडाटा नीट करणं माझ्या हातात आहे. ओळखीच्या चार जणांना फोन करणं हातात आहे. आणि तो स्वतः? दर रविवारी संडे स्कूलच्या मुलांना शिकवायला वेळेवर हजर असतो. त्याचं मन उदास आहे, हे तो लपवत नाही. मला वाटतं, तो त्याचं खरेदीखत लिहितोय.

तुम्हीही शांत बसून विचार करा. परिस्थिती बिघडली म्हणून तुम्ही कोणतं काम, कोणतं नातं, कोणती जबाबदारी सोडून द्यायच्या बेतात आहात? आजचं तुमचं अनाथोथ तेच असेल. यात कर्ज काढून जुगार खेळायचा नाही. जे शेत सोडवून घेण्याचा हक्क तुमचा आहे, तेवढंच घ्यायचं.

प्रार्थना : हे प्रभू, खोट्या दिलाशापासून आम्हांला राख. खरं ऐकण्याचं बळ दे. मन गोंधळलेलं असतानाही तू नेमून दिलेलं आजचं काम करायला हात दे. त्याचं फळ आम्ही पाहिलं नाही, तरी ते तुझ्या हाती सुरक्षित आहे, हा भरवसा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.