फॉर्ममध्ये आईचा रकाना नव्हता म्हणे!

बालमृत्यूचा फॉर्म भरलास. बाळाचं वजन, लशींच्या तारखा, मृत्यूचं कारण, सगळं सुवाच्य. आणि त्या आईचं काय? झोप लागते का, अन्न जातं का, जगावंसं वाटतं का, एका शब्दाने विचारलंस? रकाना नव्हता म्हणे! तोंडही नव्हतं का?

धारणी-चिखलदऱ्यात 1993 पासून मेलेली मुलं मोजताहेत. हायकोर्टापर्यंत मोजदाद गेली. मागे उरलेल्या आयांची दखल कोणी घेतली नाही, आणि त्यात आता तुझीही भर.

तीच बाई नंतर ओपीडीत पुन्हापुन्हा आली. डोकं दुखतं, छाती भरून येते, हातापायांत जीव नाही. तू काय दिलंस? पॅरासिटामॉल आणि बी-कॉम्प्लेक्स. पाट्या टाकल्यास! दुखणं कुठे आहे हे तुला कळत नाही असं मी मानूच कसं? मानसोपचाराच्या पोस्टिंगमधली तुझी केस हिस्टरी मी बाकीच्यांना वाचायला द्यायचो.

‘सर, ती बोलतच नाही.’ कशी बोलेल? ती कोरकू, तू विचारतोस मराठीत, आणि उत्तर देते सासू! सासूला बाहेर बसव. भाषा येणारी नर्स शेजारी घे. ‘त्या भूमकाकडेच, गावच्या वैदूकडेच जातात.’ जाणारच. तो ऐकून घेतो. तू कागदावरून मान तरी वर करतोस? ‘विचारलं तर नसतं डोक्यात भरेल.’ कुठल्या पुस्तकात वाचलंस? मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारल्याने कोणी मरायला निघत नाही. अडलेलं बोलणं सुटतं. ‘पोलिसांचं लचांड.’ 2017 चा मानसिक आरोग्य कायदा उघड, कलम 115. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या बाईवर तीव्र ताण होता, हेच कायदा गृहीत धरतो. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचेत. ‘तज्ज्ञ अमरावतीला.’ मग टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 कशाला आहे? चोवीस तास, फुकट. गावात रेंज नाही, मान्य. दवाखान्यातून लाव, तिला समोर बसवून लाव.

आणि ‘आदिवासी बायका सोशिक, जंगलात मोकळ्या राहतात’ हे पुन्हा बोलू नकोस. नवरा परमुलखात मजुरीला, परतला की दारू आणि मार, पाठोपाठ बाळंतपणं. त्या सोसतात, म्हणून तुझी सोय होते.

उद्या आशाताईला घेऊन तिच्या घरी जा. फवारणीची औषधं असतील तर कुलपात, किल्ली भरवशाच्या माणसाकडे. पुढच्या आठवड्याची तारीख दे. त्या दिवशी ती आली नाही, तर तू जायचंस. जीप नाही हे सांगायला मला फोन करू नकोस.